पंढरपूरचे दर्शन स्वतः आखताना

पंढरपूरला जायचे ठरले की घरात पहिला प्रश्न निघतो तो गाडीचा आणि दुसरा मुक्कामाचा. माझ्या मते या दोन्हींच्या आधी तिसराच प्रश्न सुटायला हवा, तो म्हणजे आपल्याला दर्शन कोणते घ्यायचे आहे. पंढरपुरात दर्शनाचे एकाहून अधिक प्रकार आहेत, प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा आहे, आणि ज्याने हे घरूनच ठरवलेले नसते तो रांगेच्या तोंडाशी उभा राहून घरच्यांशी वाद घालत बसतो.

विठ्ठलाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके ठेवता येते ते पदस्पर्श दर्शन. एवढ्या मोठ्या देवस्थानात कोणाही भाविकाला जातपात, पद, पैसा न विचारता गाभाऱ्यात मूर्तीच्या पायांपर्यंत जाऊ दिले जाते, हे पंढरपूरचे वैशिष्ट्य आहे, आणि रांग लांबण्याचे कारणही तेच आहे. कारण प्रत्येक माणूस वाकतो, डोके टेकतो, उठतो आणि मगच पुढचा सरकतो. मुखदर्शनाची रांग वेगळी असते. तिच्यातून देव थोड्या अंतरावरून दिसतो, पायांना हात लागत नाही, पण रांग भराभर सरकते. याखेरीज महाद्वारातल्या नामदेव पायरीचे दर्शन आहे आणि कळसाचे दर्शन आहे, ज्यांना रांग जवळजवळ नसतेच. ही दोन्ही दर्शने हुकलेल्यांसाठीची सोय आहेत असे नवख्या माणसाला वाटते. वस्तुतः आषाढीला अडीच-तीन आठवडे पायी चालून आलेले कितीतरी वारकरी चंद्रभागेत स्नान करतात, पुंडलिकाला नमस्कार करतात, पायरीला माथा टेकतात, कळसाकडे पाहून हात जोडतात आणि परतीच्या वाटेला लागतात, आणि त्यांची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. बरोबर वयस्कर माणसे किंवा लहान मुले असतील आणि दिवस गर्दीचा असेल, तर मुखदर्शनावर समाधान मानण्यात मला काहीही कमीपणा वाटत नाही.

दर्शन ठरले की दिवस ठरवावा, आणि तो पंचांगात पाहून ठरवावा. ही गोष्ट मी चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी रविवार मोकळा होता म्हणून आम्ही सहा जण पहाटेच निघालो आणि गावात शिरताना टाळ-मृदंगाचा आवाज ऐकू आला, तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले की आज शुद्ध दशमी आहे. रांगेत आमचा आख्खा दिवस गेला. पंढरपूरची गर्दी वारावर चालत नाही, ती तिथीवर चालते. दर महिन्याच्या शुद्ध पक्षातल्या एकादशीला महिन्याचे वारकरी येतात, त्यामुळे दशमी, एकादशी आणि द्वादशी हे तीन दिवस कोणत्याही महिन्यात गर्दीचेच समजावेत. वद्य एकादशीला यातले बरेच वारकरी आळंदीची वाट धरतात. वर्षात चार मोठ्या यात्रा भरतात, त्या आषाढी, कार्तिकी, माघी आणि चैत्री. त्यांतल्या आषाढीची आणि कार्तिकीची गर्दी एकादशीपुरती नसते. ती आठवडाभर आधीपासून वाढत जाते आणि पौर्णिमेचा काला होईपर्यंत पुरती ओसरत नाही. तीन वर्षांनी एकदा येणारा अधिक महिनाही विसरू नये. २०२६ साली १७ मे ते १५ जून हा काळ अधिक ज्येष्ठाचा असून तो नेमका उन्हाळी सुटीत आल्याने त्या महिन्यात सहज म्हणून जाणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. दिवाळीची सुटी, नाताळ ते १ जानेवारीचा आठवडा आणि सलग आलेल्या सुट्ट्या यांचे वेगळे सांगायला नको. बुधवार हा विठ्ठलाचा वार मानतात, तेव्हा आडवार निवडताना तोही वगळलेला बरा. या सगळ्याला चाळणी लावली म्हणजे जे उरते ते वद्य पक्षातले सोमवार, मंगळवार, गुरुवार, आणि निवांत दर्शन हवे असेल तर माझे मत या दिवसांच्या बाजूने आहे.

आषाढीलाच जायचे, असा ज्यांचा संकल्प असेल त्यांना दिवस निवडण्याची मुभा नाही, पण वेळ आखण्याची आहे. यात्रेच्या काळात देवाचा पलंग काढतात, म्हणजे शेजघरातला पलंग बाहेर काढून देव आता निद्रा घेणार नाही असे मानले जाते, आणि तेव्हापासून यात्रेनंतरच्या प्रक्षाळपूजेपर्यंत, म्हणजे देवाचा शिणवटा घालवण्याच्या पूजेपर्यंत, दर्शन चोवीस तास खुले राहते. पदस्पर्शाची बारी, म्हणजे रांग, या दिवसांत गोपाळपूरच्या रस्त्यावर उभारलेल्या पत्राशेडपर्यंत जाते आणि तिथून गाभाऱ्यापर्यंत पोचायला पंधरा-वीस तासही लागू शकतात. अशा बारीत उभे राहायचे म्हणजे एका रात्रीची झोप आणि दोन वेळचे जेवण रांगेत होणार, हे गृहीत धरूनच उभे राहावे. एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजा असते, त्या सुमारास बारीचा वेग मंदावतो, हेही हिशेबात असू द्यावे.

एरवीच्या दिवसांत देवाचा दिनक्रम माहीत असला की थांबणे कमी होते. पहाटे चारच्या सुमारास काकडा होतो आणि नित्यपूजा आटोपल्यावर पदस्पर्श सुरू होतो. दुपारच्या आधी महानैवेद्य, चारनंतर कधीतरी पोशाख, दिवेलागणीला धुपारती आणि रात्री अकराच्या आसपास शेजारती, असा क्रम असतो, आणि या प्रत्येक उपचाराच्या वेळी रांग काही काळ जागच्या जागी थबकते. जो माणूस पोशाखाच्या वेळी सोळखांबीच्या, म्हणजे मंदिरातल्या आतल्या मंडपाच्या, तोंडाशी पोचतो, त्याला ती वीस मिनिटे रांगेतल्या आधीच्या दोन तासांपेक्षा लांब वाटतात. माझ्या अनुभवाने आडवारी रांग धरायला पहाट चांगली किंवा मग रात्रीचे जेवण झाल्यानंतरची वेळ, जेव्हा बसने आलेले प्रवासी परतलेले असतात आणि मुक्कामी लोक झोपायच्या तयारीत असतात. सकाळी नऊ ते दुपारी एक ही वेळ मात्र टाळावी, कारण दूरच्या गावांहून पहाटे निघालेल्या सगळ्या गाड्या त्याच वेळी गावात पोचतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी मंदिर समितीच्या संकेतस्थळावर किंवा स्थानिक वर्तमानपत्रात दर्शनाबद्दलची सूचना पाहून घ्यावी. हा सल्ला उपचारापुरता नाही. मंदिराच्या जतनाच्या कामासाठी मार्च २०२४ पासून जूनच्या सुरुवातीपर्यंत पदस्पर्श दर्शन बंद होते, आणि त्या अडीच महिन्यांत, बातमी न वाचता आलेल्या कितीतरी कुटुंबांना मुखदर्शनावर परतावे लागले. मूर्तीची झीज थांबवणारा वज्रलेप करायचा असला तरी असाच खंड पडतो. ठरावीक वेळेचे टोकन देऊन दर्शन घडवण्याची पद्धतही समितीने २०२५ पासून अजमावायला घेतली आहे. ती आपल्या दिवशी लागू असेल तर रांगेतले उभे राहणे पुष्कळ वाचते, म्हणून चौकशी करताना टोकनाबद्दल आवर्जून विचारावे.

प्रवासाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पुण्याकडून येणाऱ्यांनी सोलापूर महामार्गाने टेंभुर्णीपर्यंत यावे आणि तिथून पंढरपूरला वळावे. सोलापूरहून अंतर सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर आहे. रेल्वेने येणाऱ्यांना मुख्य मार्गावरचे कुर्डुवाडी हे सोयीचे स्थानक असून तिथून मिरजेच्या बाजूला जाणाऱ्या गाड्या पंढरपुरात थांबतात. एसटी तर महाराष्ट्राच्या बहुतेक जिल्ह्यांतून आहे. स्वतःची गाडी असेल तर ती मंदिराजवळ नेण्याचा हट्ट धरू नये, कारण मंदिराभोवतीच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि यात्रेच्या दिवसांत वाहने गावाबाहेरच अडवतात. मुक्कामासाठी मंदिर समितीचे भक्तनिवास आहे, गजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवास आहे, आणि मठ, धर्मशाळा तर गल्लोगल्ली आहेत. पण कोणत्याही एकादशीच्या मागेपुढे यांपैकी कशाचाही आयत्या वेळी भरवसा धरू नये.

आता सामानाविषयी. मंदिरात मोबाइल नेऊ देत नाहीत. तो बाहेर ठेवून पावती घ्यावी लागते. ही अडचण साधी वाटते, पण सगळे बेत तिथेच फसतात, कारण एकदा फोन हातातून गेला की चुकलेल्या माणसाला शोधायचे साधन उरत नाही. आमच्या एका खेपेला ‘दर्शन झाले की मंदिराबाहेर भेटू’ एवढेच ठरले होते. आत जाण्याचा दरवाजा आणि बाहेर पडण्याचा दरवाजा एक नसतो, हे कोणी ध्यानात घेतले नाही. आम्ही बाहेर पडण्याच्या दाराशी तासभर ताटकळलो आणि मावशी नामदेव पायरीसमोर, मांडीवर चिरमुऱ्यांची पुडी ठेवून, आमच्याआधी बाहेर पडल्याच्या आनंदात शांतपणे माळ ओढत बसल्या होत्या. तेव्हापासून आम्ही फोन देण्याआधी सगळ्यांना प्रत्यक्ष त्या जागी नेऊन उभे करतो आणि म्हणतो, की चुकलात तर इथे, याच पायरीपाशी या आणि इथून हलू नका. मुलांच्या आणि वृद्धांच्या खिशात घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. फोनची पावती मात्र एकाकडेच द्यावी आणि तो माणूस कोण, हे सर्वांना माहीत असावे.

चपला मुक्कामावरच काढून ठेवता आल्या तर उत्तम. दुपारच्या उन्हात फरशी तापते, म्हणून अनवाणी चालण्याची सवय नसलेल्यांनी पायमोजे घालावेत. बरोबर पाण्याची लहान बाटली, एखादे फळ किंवा शेंगदाणे-गूळ, नेहमीची औषधे आणि सुटे पैसे एवढेच घ्यावे. पाठीवरची मोठी पिशवी रांगेत स्वतःला आणि मागच्यालाही नकोशी होते. मधुमेह असणाऱ्यांनी एकादशीचा उपास आणि रांग एकाच दिवशी धरताना वैद्याला विचारावे. स्वच्छतागृहाला जाऊन येणे ही रांगेत शिरण्याआधीची शेवटची गोष्ट असावी. एकदा लोखंडी कठड्यांच्या वळणांत शिरले की परत फिरणे म्हणजे मागच्या शेकडो लोकांना ओलांडणे.

बारी दर्शन मंडपाच्या मजल्यांवरून फिरत फिरत मंदिराकडे येते. या मजल्यांवर माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेला माणूस पुढच्याला ढकलतो. ढकलल्याने रांग पुढे जात नाही, मात्र पुढची म्हातारी कठड्यावर आदळते. सोबतच्या ज्येष्ठाला कठड्याच्या बाजूला ठेवावे आणि आपण त्याच्या मागे उभे राहावे, म्हणजे मागचा रेटा आधी आपल्या अंगावर येतो. रांगेत कोणीतरी अभंग म्हणायला घेतोच. आपल्याला चाल येत असेल तर साथ करावी, त्यासारखा वेळ जात नाही.

आत आल्यावर मंडप कोणता आणि काय पाहायचे, हे आधीच माहीत असलेले बरे, कारण तिथे सांगायला कोणी नसते. सोळा खांबांचा मंडप म्हणजे सोळखांबी. त्यातला चांदीने मढवलेला गरुडखांब भाविक मिठी मारून भेटतात. गाभाऱ्यात देवाला मिठी मारता येत नाही, ती हौस इथे भागते. मंदिरातला चौऱ्याऐंशीचा शिलालेख शके ११९५ ते ११९९ मधल्या, म्हणजे यादवराजा रामचंद्रदेवाच्या काळातल्या देणग्यांची नोंद आहे. त्याला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो या श्रद्धेने लोकांनी इतकी वर्षे त्यावर पाठ घासली, की मंदिराच्या जुन्या हिशेबाचा हा दगड गुळगुळीत होत गेला. आपण तो डोळ्यांनीच पाहावा. सोळखांबीपुढे चौखांबी आणि चौखांबीपुढे गाभारा. जतनाच्या कामात भिंतींवरच्या नंतरच्या फरश्या काढल्यामुळे आता जुना काळा दगड उघडा झाला आहे, त्याच्याकडेही एकदा नजर टाकावी.

गाभाऱ्यात आपल्याला मिळते ती काही क्षणांची भेट, आणि ती कशी घ्यायची याची आखणी करणे मला मुळीच अरसिकपणाचे वाटत नाही. बहुतेक जण चौखांबीत पोचताच पिशवीतला हार, तुळस, नारळ शोधू लागतात, समोर येताच वाकतात, डोके टेकतात, सेवेकऱ्याचा हात पाठीला लागतो, आणि बाहेर पडल्यावर त्यांच्या ध्यानात येते की आपण देवाचा चेहरा पाहिलाच नाही. म्हणून चौखांबीत असतानाच हातातली तुळस तयार ठेवावी आणि नजर वर ठेवावी. तिथून विटेवर समचरण उभी, कमरेवर हात ठेवलेली मूर्ती दिसू लागते. डोक्यावरचा उंच मुकुट, कानांतली मकरकुंडले, छातीवरचा तुळशीहार, हे सगळे चालता चालताच पाहून घ्यावे. मग पायांशी आल्यावर फक्त वाकायचे उरते. हार देण्याची घाई नको, तो सेवेकरी घेतात. डोके टेकताना चष्मा हातात घ्यावा, नाहीतर तो पडतो आणि आपले सगळे लक्ष त्याच्यावर जाते. लहान मूल असेल तर त्याला आधी कडेवर घ्यावे, कारण गर्दीत ते मोठ्यांच्या गुडघ्यांच्या उंचीवर असते आणि त्याला पाठींखेरीज काहीच दिसत नाही.

विठ्ठलानंतर लगेच रुक्मिणीमातेकडे जाण्याचा मार्ग आहे. तिचे देऊळ त्याच आवारात पण स्वतंत्र आहे आणि थकलेले लोक ते उरकून टाकतात, हे बरे नाही. तिथे गर्दी थोडी सैल असते आणि क्षणभर अधिक उभे राहता येते.

दर्शन लवकर करून देतो, असे सांगणारी माणसे रस्त्यात भेटतात. दर्शनाला शुल्क नाही, त्यामुळे कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत. पूर्वी यात्रेकरू बडव्यांच्या, म्हणजे विठ्ठलाच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांच्या, घरी उतरत आणि पूजेचे व्यवहार त्यांच्या मार्फत होत. पंढरपूर मंदिरांविषयीचा १९७३ चा कायदा आणि त्यावरच्या दीर्घ खटल्यानंतर जानेवारी २०१४ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी बडव्यांचे आणि रुक्मिणीच्या पुजारी उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क संपले, आणि आता पूजा व देणग्या समितीकडे पावतीने होतात. स्वतःच्या स्वतः दर्शन घेणाऱ्याला मध्यस्थ लागतच नाही.

परंपरेने आधी चंद्रभागा, मग पुंडलिक, मग नामदेव पायरी आणि मग देव, असा क्रम आहे, आणि तो व्यवहारालाही सोयीचा आहे. कारण महाद्वार घाटावरून उतरून नदी, वाळवंटातले पुंडलिकाचे मंदिर आणि परत येताना पूर्वेच्या महाद्वारातली पायरी, ही सगळी ठिकाणे एका सरळ वाटेवर येतात. नदीत उतरण्याआधी घाटावर उभे राहून पाण्याकडे पाहावे. चंद्रभागा म्हणजे भीमाच, आणि तिच्या वरच्या अंगाला उजनीचे धरण आहे. पावसाळ्यात तिथून पाणी सोडले की पंढरपुरात पाऊस नसतानाही नदी चढते आणि पुंडलिकाचे मंदिर पाण्यात जाते. पाणी उथळ दिसले तरी तळाशी वाळू उपशाचे खड्डे असतात. म्हणून काठाशी बसून तांब्याने अंगावर पाणी घ्यावे, आणि पोहता येते म्हणून कोणी आत जाऊ नये.

पायरीपाशी मात्र घाई करू नये. संतांचे पाय आपल्या माथ्याला लागावेत म्हणून नामदेवांनी ही जागा मागून घेतली, असे परंपरा सांगते, म्हणून पायरीवर पाय न देता ती ओलांडतात. तिच्यासमोरच चोखोबांची समाधी आहे. ज्याला हयातीत मंदिरात पाऊल ठेवू दिले नाही तो दाराबाहेरच राहिला. दलितांना मंदिरप्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ पासून पंढरपुरातच, तनपुरे महाराजांच्या मठात, दहा दिवस उपोषण केले, तेव्हा ते दार उघडले. मुलांना बरोबर नेले असेल तर ही गोष्ट त्यांना रांगेत उभे राहण्याआधी इथेच सांगावी.

हाताशी आणखी अर्धा दिवस असेल तर गोपाळपूरला जावे. अंतर थोडे आहे, पायी जाता येते, टेकाडावरच्या देवळात जनाबाईचे जाते दाखवतात, आणि जवळच नदीच्या पात्रात विष्णुपद आहे. तिथे जाण्याआधीही पाण्याची पातळी विचारावी. परतीची गाडी दर्शनानंतर चार तासांच्या आत ठरवू नये. रांग कधी थबकेल ते सांगता येत नाही, फोनची पावती घेऊन उभ्या असलेल्यांची पुन्हा एक रांग असते, आणि चिरमुरे, बुक्का, तुळशीची माळ घ्यायची असतेच.